पुसलेली वाळू

"एकवीसच्या एकवीस?" सत्यवानानं पुन्हा विचारलं.

"होय, काका. तुमच्या हॅचरीतली गेल्या वर्षीची न फुटलेली अंडी आणि मेलेली पिल्लं मिळून एकवीस तपासली. एकवीसही माद्या." समीक्षानं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, जणू त्या पडद्यावर त्याला काही ओळखू येणार होतं.

"आणि ह्येची?"

"भिकाजीकाकांची चौदा. त्यातले नऊ नर."

भिकाजी पडवीच्या खांबाला टेकून सरबताचा पेला चाटूनपुसून संपवत होता. त्यानं मान वर केली.

"नऊ नर? माझ्याकडे?" आणि तो असा हसला की पेल्यातला शेवटचा थेंब सदऱ्यावर सांडला. "बरा झाला बाय सांगलंस. माका आजपर्यंत वाटत होता, माझी पिल्लां उशिरा येतत म्हणजे आजारी असतली."

सत्यवानही हसला. हसणं भाग होतं. पण त्या क्षणी त्याच्या बरगडीखाली कुठंतरी एक बारीक काटा घुसला आणि तिथंच राहिला.

गावच्या किनाऱ्याला वाळूच्या दोन पुळणी. मध्ये समुद्रात घुसलेला काळा खडक. खडकाच्या दक्षिणेची थोरली पुळण सत्यवानाची, उत्तरेची धाकटी भिकाजीची. म्हणजे सात-बाऱ्यावर नव्हे, कासवांच्या हिशेबात. वीस वर्षांपूर्वी याच वाळूतून टोपलीभर अंडी काढून सत्यवान घरी निघाला होता. वाटेत देवळात कीर्तन चाललं होतं म्हणून टोपली पायरीवर ठेवून आत डोकावला. बुवा नेमके समुद्रमंथन सांगत होते. पाठीवर पर्वत घेऊन देव पाण्याखाली बसला, आणि वर देव-दैत्य ओढाताण करत राहिले, पण ज्याच्या पाठीवर हे सगळं चाललं होतं, त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड झाली नाही. सत्यवान बाहेर आला, टोपलीकडे पाहिलं आणि आल्या पावली परत जाऊन अंडी होती तिथं पुरली. त्या दिवसापासून तो कासवमित्र. तेव्हा तर हा शब्दसुद्धा गावात आला नव्हता. लोक म्हणायचे, "कीर्तन ऐकान सत्यवानाक खूळ लागला."

चार वर्षांनी त्यानंच भिकाजीला हाताशी धरलं. पहाटेच्या उजेडात वाळूवरचा माग कसा वाचायचा, कासवीण वर गेली कुठून आणि उतरली कुठून, अंडी दोन्ही ओंजळींत धरून न उलटवता कशी उचलायची, घरटं हॅचरीत हलवल्यावर तिचा माग सुरूच्या फांदीनं कसा पुसायचा, म्हणजे कुत्र्यांना आणि माणसांना वास लागणार नाही. सगळं त्यानं शिकवलं. तीस वर्षांमागं माडावरून पडून त्याचा डावा पाय अधू झाला होता. वाळूत तो पाय ओढत चालायचा. भिकाजी मागून यायचा आणि म्हणायचा, "दादा, तुझो माग कासविणीपेक्षा सोपो."

सत्यवानाची हॅचरी पाहण्यासारखी होती. उघड्या, स्वच्छ वाळूवर, चारी बाजूंनी ताणून बांधलेली जाळी, रांगेत आखलेली घरटी, प्रत्येकावर तारखेची पाटी. ऊब मिळाली की पिल्लं लवकर येतात, हे त्याला पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं. म्हणून ऊन लागेल अशीच जागा त्यानं निवडली. पंचेचाळिसाव्या-सेहेचाळिसाव्या दिवशी त्याची पिल्लं वाळू फोडून वर यायची. सगळ्या किनाऱ्यात पहिली.

भिकाजीची हॅचरी सुरूच्या बनाच्या कडेला होती. त्याहीवर त्यानं चार खांब रोवून माडाच्या विणलेल्या झापांचा माटव घातला होता. कासवांसाठी नव्हे. दुपारची राखण करताना स्वतःला आडवं व्हायला सावली हवी म्हणून. त्याची पिल्लं पंचावन्न-साठ दिवस घ्यायची.

आणि आता ही तळेरे गावची पोर, पुण्याच्या संस्थेतून येऊन सांगत होती की त्या आळसाच्या सावलीखाली नर जन्मले.

"बाय, माका नीट समजाव," सत्यवान म्हणाला. "अंडा एकच, कासवीण एकच. वाळूचा आणि नराचा काय नाता?"

समजावताना समीक्षा शुद्ध मराठीत शिरायची. "काका, अंडं घातलं जातं तेव्हा आतलं पिल्लू नर नसतं आणि मादीही नसतं. दोन्ही व्हायची पोथी त्याच्याकडे असते. पोथी म्हणजे एक लांबच लांब धागा, आपण डीएनए म्हणतो तो. तो मोकळा नसतो, प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांना शेपट्या असतात आणि शेपट्यांवर खुणा चिकटतात. मिथाइल म्हणतात त्यांना. काही खुणांनी धागा सैल होतो, काहींनी आवळला जातो. आवळला की तिथलं काही वाचता येत नाही. नर होण्याचा जो अध्याय आहे ना, तो अशाच खुणांनी बंद असतो."

"मगे उघडता कोण?"

"वाळू. वाळू गार असली की पेशीत एक पुसणारं प्रथिन तयार होतं. ते त्या खुणा पुसून टाकतं. अध्याय उघडला, की नर. वाळू तापलेली असली की पुसणारंच तयार होत नाही. खुणा तशाच, अध्याय बंद. मादी. मधले पंधरा-वीस दिवस हे ठरवतात. तळ्यातल्या एका कासवात हे सापडलंय. आपल्या समुद्रातल्या कासवातही असंच आहे का, ते मला बघायचंय."

सत्यवान म्हणाला, "म्हंजे आमच्या कीर्तनकार रसिकाबाईंसारखा. अख्खा रामायण तेंच्या पोटात. पण आज खंयचा आख्यान लावचा, ता समोरची सभा बघूनच ठरतला."

"अगदी तसंच!" समीक्षाचे डोळे चमकले. "तुम्हाला माझ्या सरांपेक्षा लवकर कळलं."

कळलं होतं खरं. तेच वाईट झालं. भिकाजीला फक्त एवढं कळलं की आपल्याकडे नर आहेत; सत्यवानाला हेही कळलं की वीस वर्षं आपण ऊन शोधून शोधून एक अध्याय बंद ठेवत आलो.

"मगे मी उद्याच माटव घालतंय," तो म्हणाला.

समीक्षा संकोचली. "या वर्षी नको, काका. एक हंगाम तुमची उन्हातली आणि त्यांची सावलीतली, दोन्ही आहेत तशी राहू देत. प्रत्येक घरट्यात मी लॉगर पुरणार आहे, तापमान टिपणारी बटणाएवढी यंत्रं. तुलना करायला दोन्ही लागतील. कुठं काही हललं तर सगळं वर्ष फुकट जाईल."

म्हणजे भिकाजीची हॅचरी करावी कशी याचा नमुना, आणि आपली करू नये कशी याचा. समीक्षा असं म्हणाली नव्हती. सत्यवानानं मात्र ते ऐकलं.

शिमग्याच्या पहाटे धाकट्या पुळणीवर एक थोराड कासवीण येऊन गेली. एकशे अठरा अंडी. भिकाजीनं ती सातव्या नंबरच्या घरट्यात पुरली आणि समीक्षानं दोन लॉगर ठेवले, एक अंड्यांच्या मध्ये, एक वीतभर वर, दोन्हींच्या बारीक तारा वाळूबाहेर. गावात तोवर बातमी फिरली होती. सोसायटीच्या ओट्यावर लोक भिकाजीला मुलगा झाल्यासारखं विचारायचे, "काय रे, किती झिल झाले?" आणि तो न लाजता म्हणायचा, "नऊ सापडले, बाकीचे समुद्रात पळाले." त्या हसण्यात सत्यवानाकडे कुणी बघत नसे. बघितलं असतं तरी त्याला चाललं नसतं.

चैत्र आला. देवळात रामनवमीचा उत्सव बसला. रसिकाबाई सावंतवाडीकडून दरवर्षी यायच्या; नऊवारी, गळ्यात वीणा, आवाज असा की मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, माझ्याशीच बोलतायत. सत्यवान त्यांच्या मागं झांजेवर उभा राहायचा. त्यांच्याआधीच्या बुवांमागंही तोच. झांज वाजवायला कौशल्य लागत नाही असं लोकांना वाटतं. पण पद उचलताना बाई नुसती मान मागं करायच्या आणि सत्यवानाच्या झांजेचा ठोका तिथं असायचा. ती मान मागं होणं, एवढंच त्याचं वर्षाचं वेतन.

अष्टमीच्या संध्याकाळी बाईंनी कैकेयी घेतली. म्हणाल्या, "कैकेयी वाईट नव्हती हो. रामावर तिचा भरतापेक्षा जास्त जीव होता. मंथरेनं केलं काय? तिला फक्त मोजायला शिकवलं. कौसल्येचं किती, तुझं किती. एकदा मोजायला लागलं की मायेचं माणूससुद्धा घर जाळतं." सत्यवानाच्या डोळ्यांतून पाणी आलं. झांज हातात असल्यानं त्याला ते पुसताही आलं नाही.

कीर्तन संपल्यावर देवस्थानच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, "उद्या रामजन्मानंतर आपल्या गावचे कासवमित्र भिकाजी यांचा रसिकाबाईंच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल."

सत्यवान झांज पिशवीत भरत होता. दोऱ्याची गाठ त्याला तीनदा बांधावी लागली.

"पाय खराच दुकता तुमचो?" नवमीच्या सकाळी त्याच्या बायकोनं, सीतानं विचारलं. लुगडं नेसून, फुलांची परडी घेऊन ती निघायच्या तयारीत होती. "चाळीस वर्सां तापात, सर्दीत, पाय प्लास्टरात होतो तेव्हा पण रामजन्माक गेलात. आणि आज उसण?"

"दुकता म्हटलंय ना."

"पायाक दुकता काय खांद्याक? शाल दुसऱ्याच्या खांद्यार जातली म्हणान?"

"तू जा गो."

ती गेली. सगळा गाव गेला. साडेअकराला सत्यवान घराच्या मागल्या दारानं निघाला, खडकाला वळसा घालून धाकट्या पुळणीवर उतरला. काय करायला आलो हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर परत फिरला असता.

सातव्या घरट्यावर माटवाचे पाच झाप होते. काथ्याचे बंध सोडून त्यानं एकेक काढला. चोविसावा दिवस. मधले पंधरा-वीस दिवस ठरवतात. वाळू काही क्षण गारच होती. मग तिच्यावरचा ओलसर रंग कडेनं उडायला लागला.

देवळातला कर्णा वाऱ्यावर कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. बाईंचा आवाज चढत चालला होता. मग मधेच सगळं शांत झालं. सत्यवानाला माहीत होतं, ही ती शांतता. आता सगळे उभे राहिले असतील, हातात फुलं, गुलाल. बाईंची नजर घड्याळावर असेल, आणि मान मागं झाली असेल.

घंटा वाजल्या. फटाक्यांची माळ लागली. पाळणा सुरू झाला.

त्यानं वाळूचे हात जोडले, देवळाच्या दिशेनं. सूर्य डोक्यावर होता, आणि त्याची स्वतःचीच एवढीशी सावली सातव्या घरट्याच्या मधोमध पडली होती. ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो एक पाऊल बाजूला सरकला.

झाप त्यानं सुरूच्या बुंध्याशी ठेवले. मग फांदी तोडून आपली पावलं पुसत पुसत, मागं मागं येत, ओल्या वाळूपर्यंत आला आणि पाण्यातून घरी गेला.

संध्याकाळी भिकाजी आला. खांद्यावर शाल, हातात पानात बांधलेला सुंठवडा.

"पाय कसो आसा, दादा?"

"बरो आसा."

"तुझी जागा रिकामी रवली. बाळ्यान तुझी झांज उचलल्यान तर रसिकाबाय म्हणाली, ठेव ती, तेंची तेंकाच बरी. रामजन्म झांजेशिवायच झालो." त्यानं पुडी सत्यवानाच्या हातात ठेवली. क्षणभर हात सोडला नाही. डोळ्यांत पाहिलं. मग "येतंय" म्हणून निघून गेला.

सुंठवडा सत्यवानानं जिभेवर ठेवला. सुंठीचा झणका नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. सीता म्हणाली, "एवढो तिखट नाय हा."

वैशाखात सत्यवानाची पिल्लं पुन्हा पहिली आली. कुणी त्याचं कौतुक केलं नाही, त्यालाही ते नको होतं. धाकट्या पुळणीवर सातव्या घरट्याची वाळू चौपन्नाव्या दिवशी पहाटे खचली. समीक्षा आधीच येऊन राहिली होती. पिल्लं वर येईपर्यंत तिनं शेजारी बसून वरचा लॉगर संगणकाला जोडला. भिकाजी आणि सत्यवान तिच्या मागं वाकून उभे होते.

पडद्यावर रेघ होती. शांत समुद्रासारखी, हलकेच वर, हलकेच खाली. आणि मधेच एक सुळका.

"हे काय?" समीक्षा पुढं वाकली. "नवमी. दुपारी बारा ते दोन. वरच्या वाळूत चार अंश चढलेत!" तिनं खालच्या लॉगरचीही नोंद उघडली. "अंड्यांपाशी अर्धाच अंश पोचलाय. पण झालं काय त्या दिवशी? माटव कुणी काढला होता?"

एवढंसं बटण. वाळूवरची सगळी पावलं सत्यवानानं पुसली होती, पण वाळूच्या आत एक माणूस बसून लिहीत होता.

त्यानं तोंड उघडलं. त्याआधी भिकाजी बोलला.

"वारो इल्लो. मी देवळात, शाल घेवन मिरवी होतंय. येवन बघतंय तर झाप उडालेले. परत बांधलंय. तुका सांगूक इसारलंय बाय, चूक माझी."

समीक्षानं ओठ चावला. "सांगायला हवं होतं, काका. आता या घरट्याची नोंद तुलनेत धरता येणार नाही. सगळ्यात मोठं घरटं होतं हे."

"नको धरू. माझोच गलथानपणा," भिकाजी म्हणाला, आणि मान खाली घालून उभा राहिला. शिकणाऱ्या पोरीसमोर साठीचा माणूस मान खाली घालून उभा राहिला, आणि सत्यवान गप्प राहिला. पुढं आयुष्यात ज्या ज्या वेळी त्याला झोप आली नाही, त्या त्या वेळी त्याला ती मान आठवली.

समीक्षा वह्या आणायला बनाकडे गेली.

"वारो नव्हतो," सत्यवान म्हणाला.

"माका म्हायत आसा."

"कसा?"

"वारो झाप कडेक कड लावन रचून ठेयता काय रे मेल्या?" भिकाजी समुद्राकडे बघत म्हणाला. "आणि वाळू पुसताना तू अर्धो चांद काढतस, डाव्याकडसून उजव्याक. माकाच शिकवलंस ना? तुझ्या पायाचो माग नव्हतो, पण तुझा पुसणा होता."

"मगे त्याच दिवशी बोललंस कशाक नाय?"

"बोलूकच इल्लंय. थोबाडीत देतलंय होतंय. पण हातात सुंठवडो होतो." भिकाजी थांबला. "आणि तू दार उघडलंस तेव्हा तुझा तोंड बघलंय. थंयसर आणखी काय मारूचा रवला नव्हता."

सत्यवानाच्या मनातला काटा निघाला असं म्हणायचा मोह होतो. निघाला नाही. उलट आता त्याला भिकाजीच्या नरांचा नव्हे, या न बोलण्याचा हेवा वाटला. हे याला कुणी शिकवलं? मी तर नाही.

वाळू हलली. एक काळं नाक वर आलं, मग दुसरं, आणि मग उकळी फुटल्यासारखी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून वर येऊ लागली. जाळी उचलली. ती पाण्याकडे निघाली, कुणी सरळ, कुणी भलतीकडे, कुणी थांबून विचार करणारं. एकशे चार मोजली. त्यात नर कोण, मादी कोण, बाहेरून कुणालाच कळत नाही. त्या अर्ध्या अंशानं कुणाचा अध्याय बंद झाला का, तेही कळणार नव्हतं. समीक्षा म्हणाली, बहुतेक काही झालं नसेल. बहुतेक.

"बाय," भिकाजीनं विचारलं, "ही परत कधी येतली?"

"माद्या येतील, काका. पंधराएक वर्षांनी, अंडी घालायला, याच किनाऱ्यांवर."

"आणि नर?"

"नर नाही येत. एकदा पाण्यात गेला की तो जन्मभर पाण्यातच. जमिनीला पुन्हा पाय लावत नाही."

भिकाजीचा स्वतःचा झिल बोटीवर नोकरीला होता. तीन वर्षांत घरी आला नव्हता. हे सत्यवानाला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं.

"म्हंजे माझे येवचे नाय," भिकाजी म्हणाला. नुसता नोंद घेतल्यासारखा. "येतले ते तुझेच."

सत्यवानानं अधू पाय ओढत दोन पावलं टाकली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेवटचं पिल्लू ओल्या वाळूवर अडलं होतं. लाट आली, त्याला उलटं करून परत टाकून गेली. दुसरी आली आणि घेऊन गेली.

"समीक्षा," सत्यवानानं हाक मारली. ती वळली. "त्या दिवशी वारो नव्हतो. झाप मी काढलंय. ह्येचा घरटा, मी उघडा टाकलंय. तुझ्या वहीत तसा लिही."

समीक्षा त्याच्याकडे बघत राहिली, मग भिकाजीकडे. भिकाजी पाण्याकडे तोंड करून उभा होता. तिनं वही उघडली. लिहायला तिला फार वेळ लागला.

सत्यवान घराकडे निघाला. पिल्लांच्या बारीक रेघांच्या जाळ्यातून त्याच्या ओढत्या पायाची एक जाड रेघ वाळूवर उमटत गेली. सवयीनं त्यानं वाटेत पडलेली सुरूची फांदी उचलली. खडकाशी आल्यावर मागं वळून पाहिलं. रेघ सातव्या घरट्यापासून इथवर स्पष्ट दिसत होती.

त्यानं फांदी खडकावर ठेवली, आणि तो पलीकडे उतरला.